एका मीटरसाठी चिखलीपर्यंत

लोक काशीला जातात, रामेश्वरला जातात, काहीच नाही तर महाबळेश्वरला जाऊन थंडी वाजवून घेऊन येतात. मी पिंपरीला जाऊन आलो. हे सांगितल्यावर आमच्या वाचनालयात जे चेहरे झाले, ते बघूनच हे लिहायला बसलो आहे. "तिथं आहे काय बघण्यासारखं?" असं निदान दहा जणांनी विचारलं. तिथं माळ आहे, माळावर उभ्या राहणाऱ्या कारखान्यांच्या अर्धवट भिंती आहेत, आणि गेल्या महायुद्धातल्या यंत्रांचे डोंगर आहेत. ते डोंगर उपसायला मी गेलो होतो. हौसेनं नव्हे, स्वतःच्या मूर्खपणामुळे.

आमच्या कृष्णाकाठच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञानाचा डेमॉन्स्ट्रेटर. कॉलेज नवं, प्रयोगशाळा त्याहून नवी, आणि तिच्यात किमती म्हणावं असं एकच यंत्र, व्हॉल्व्हवर चालणारा व्होल्टमीटर. खंडेनवमीला सुतार करवत पुजतो, न्हावी वस्तरा पुजतो, मग आम्हीच काय घोडं मारलंय? मी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि आंब्याच्या पानानं तांब्यातलं पाणी चांगलं सढळ हातानं शिंपडलं. यंत्राच्या वरच्या अंगाला हवा खेळायला भोकं असतात. वर्गात ती भोकं मुलांना मीच दाखवतो. पूजा झाली, पेढे वाटले, आणि प्रिन्सिपॉलसाहेबांना काटा हलताना दाखवावा म्हणून मी बटण दाबलं. काटा हलला. टोकापर्यंत जाऊन आपटला, आणि मग जळका वास आला.

जळाला तो त्या यंत्रातला मीटर. म्हणजे लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये टांगलेली, केसाहून बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी, तिला जोडलेला काटा, आणि काट्याला परत जागेवर आणणाऱ्या दोन चिमुकल्या स्प्रिंगा. हे बिघडलं की बाकीचं यंत्र म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. पुढच्या सोमवारी विद्यापीठाची समिती प्रयोगशाळा बघायला येणार होती. यंत्र चालू असलं तर विज्ञानाचा पुढचा वर्ग मंजूर. नसलं तर इंटरनंतर पोरांनी पुण्याची वाट धरायची, आणि ज्यांना पुणं परवडत नाही त्यांनी हळदीच्या शेताची. वर्ग नाही तर डेमॉन्स्ट्रेटरही नको, हे प्रिन्सिपॉलसाहेबांनी मला फार सौम्य शब्दांत सांगितलं. सौम्य शब्दांत सांगितलेलं मला जास्त लागतं.

नवा मीटर विलायतेहून मागवायचा तर परवान्यापासून सुरुवात. पुण्याहून दसऱ्यासाठी गावी आलेल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं मला सल्ला दिला, "पिंपरीला जा. लष्करानं लिलावात काढलेली तपासणीची यंत्रं तिथं भंगारात येतात. मिळाला तर तिथंच मिळेल." म्हणून दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर मी पिशवीत एक स्क्रू-ड्रायव्हर, एक चिमटा आणि एक जोडी कपडे टाकले आणि निघालो.

बुधवार, पिंपरी

चिंचवड स्टेशनात उतरून मुंबईच्या रस्त्यानं पिंपरीकडे चालायला लागलं की दोन्ही बाजूंना माळ. पाऊस नुकताच संपलेला, त्यामुळे गवत अजून हिरवं होतं. मधेच बाजरीचं रान, मधेच एखादी नवी कोरी भिंत, आणि भिंतीपलीकडे काहीच नाही. एका ठिकाणी नुसतं फाटक होतं. फाटकावर पहारेकरी होता, त्याला बसायला स्टूल होतं, पण राखायला आत फक्त एक बकरी चरत होती. "काय होणार इथं?" मी विचारलं. "कारखाना," तो म्हणाला. "कसला?" "ते आजून ठरायचं आसंल." आमच्याकडे आधी विहीर खणतात आणि मग मोट आणतात, इथे आधी पहारेकरी आणतात.

पिंपरीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांची मोठी वस्ती आहे. लांबलचक बराकी, प्रत्येक दारात काही ना काही विकायला मांडलेलं. मला ज्याचं नाव सांगितलं होतं तो टेकचंद तिथेच राहत होता. फाळणीआधी त्याचं कापडाचं दुकान होतं, आता भंगाराची वखार आहे. मी घामाघूम होऊन दारात उभा राहिलो तर त्यानं माझं नाव-गाव विचारायच्या आधी भाजलेला पापड आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

"पहिले पापड, बाद में बात," तो म्हणाला. "बसा मास्तर, बसा."

आमच्याकडे उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी देतात. इथे पापड-पाणी. गूळ खाल्ला की माणूस सैलावतो आणि गप्प बसतो. पापड खाल्ला की बोलायला लागतो, निदान मी तरी लागलो. खंडेनवमीपासूनची सगळी कथा मी त्याला सांगून टाकली. तो पोट धरधरून हसला, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाला, "पूजा केली ते बरोबर केलं. पाणी जास्त झालं." नंतर त्याच्या बायकोनं पालक-चुक्याची डाळ घालून केलेली भाजी आणि भात वाढला. भाजी आमच्या पातळभाजीची चुलतबहीण होती, फक्त गूळ नव्हता. दोन वेळा मागून घेतली.

वखार वस्तीबाहेर, माळावर. वखार म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे लाकडाची येते. इथे तारेच्या कुंपणात हिरव्या रंगाच्या पेट्यांचे ढीग होते. पेट्या उघडल्या की आत काळी तोंडं, त्यांवर बटणं आणि मीटर. कुणी विमानाचे रेडिओ तपासायला केलेल्या, कुणी तारायंत्रं तपासायला. कॉलेजात अशी एक पेटी असती तर आम्ही तिच्यासाठी कपाट केलं असतं. इथे त्या एकमेकींवर कशाही पडल्या होत्या, आणि एका ढिगाच्या सावलीत सहा बायका त्या फोडत बसल्या होत्या.

ते काम मी बराच वेळ बघत उभा राहिलो. प्रत्येकीपुढे एक पाटा, हातात छोटी हातोडी, उजवीकडे चार पाट्या: पितळेची, तांब्याची, ॲल्युमिनियमची आणि अभ्रकाची. डावीकडे अंथरलेलं गोणपाट. मीटर हातात आला की काचेवर एक टिचकीसारखा घाव, तबकडी बाजूला, दोन स्क्रू सोडवले, चुंबक ओढून काढलं की राहिलेला सांगाडा पितळेच्या पाटीत. भुईमुगाची शेंग फोडायला मला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात संपलं. काम बघताना मजा वाटत होती, आणि किती मीटर फुटले तेही मी मोजत होतो.

"मास्तर, पायाखाली बगा. काच हाय," त्यांच्यातली एक वर न बघताच म्हणाली. ही हौसाबाई. चिखलीची. चाळिशीची असेल, काष्टा घट्ट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि बोटं मात्र माझ्या बोटांच्या दुप्पट जाड. बाकीच्या पाच जणी काही अडलं की तिच्याकडे बघत.

चुंबकं कुठल्याच पाटीत पडत नव्हती. ती काढली की बाई पदराच्या गाठीत बांधायची. मी टेकचंदला विचारलं. तो म्हणाला, "चुंबक उनका. मी वखार घेतली तेव्हापासून हाच रिवाज. पितळ माझं, तांबं माझं, चुंबक बायकांचं." कशासाठी नेतात ते त्यानं कधी विचारलं नव्हतं.

माझ्या मनात आलं, लहान पोरांना खेळायला नेत असतील.

दुपारी टेकचंद लिलावासाठी निघून गेला आणि मी ढिगावर चढलो. बहुतेक पेट्यांचे मीटर आधीच काढलेले, त्यांच्या जागी गोल भोकं. जे उरले होते ते मोठे प्रवाह मोजणारे, आमच्या कामाचे नाहीत. चार वाजायच्या सुमाराला एका आडव्या पडलेल्या पेटीत तो सापडला. काळी तबकडी, पन्नासपर्यंत आकडे, अगदी सूक्ष्म प्रवाह मोजणारा. बाहेरून ठीक दिसला, पण आतली गुंडाळी शाबूत आहे का हे कसं कळणार? त्याची एक युक्ती आहे. मागच्या दोन खिळ्यांना तारेनं जोडायचं आणि मीटर हळूच हलवायचा. गुंडाळी तुटलेली असेल तर काटा मोकाट झुलतो. शाबूत असेल तर काटा मधात बुडल्यासारखा हळूहळू हलतो. माझा काटा मधात बुडाला होता. मी मोठ्यानं "वा!" म्हणालो.

बायका बघायला लागल्या. मग माझ्या अंगातला डेमॉन्स्ट्रेटर जागा झाला. मी एका तारेला तांब्याचा तुकडा आणि दुसरीला जस्ताच्या पत्र्याचा तुकडा बांधला, दोन्ही हातांत धरले, आणि काटा चारपाच घरं पुढे सरकला.

"माणसाच्या अंगातून वीज जाते," मी म्हणालो. खरं तर घाम आणि दोन धातू यांची ती करामत असते, पण प्रयोग दाखवताना थोडं नाटक लागतं.

हौसाबाईनं हात पुसले नाहीत, तसेच पुढे केले. तुकडे धरल्याबरोबर काटा वीसच्या पुढे गेला. पाचही जणी ओरडल्या. हौसाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तर, तुमच्यात लई कमी हाय की."

ऊन कलल्यावर बायका चिखलीला निघून गेल्या. मी आणखी एखादा सुटा व्हॉल्व्ह वगैरे मिळतो का म्हणून ढिगावरच रेंगाळलो होतो, म्हणून मागे राहिलो. टेकचंद आलेला नव्हता, आणि त्याला न सांगता मीटर पिशवीत घालणं म्हणजे चोरी. सकाळी येऊन रीतसर मागून घ्यावा असं ठरवलं. जमिनीवर लोखंडाचा भुगा आणि काच, तेव्हा मऊ जागा म्हणून मी तो हौसाबाईच्या गोणपाटावर अलगद ठेवला. वर फडकंही घातलं.

गुरुवार

मुक्काम चिंचवडला, पवनेच्या काठच्या धर्मशाळेत होता. सकाळी नदीवर आंघोळ केली आणि काठावरच्या शेवाळावरून पाय घसरून अंगावरच्या एकुलत्या एक पँटीसकट पुन्हा एकदा आंघोळ केली. पिशवीतली दुसरी जोडी पायजम्याची निघाली. पायजमा घालून परगावी व्यवहाराला जायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून पँट वाळेपर्यंत घाटावर बसून राहिलो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी मला अर्धा भोपळघारगा देऊन पुण्याच्या पाण्यापेक्षा पवनेचं पाणी पचायला कसं हलकं आहे ते समजावून सांगितलं. एकंदरीत सकाळ मजेत गेली.

वखारीत पोचायला दहा वाजले. हौसाबाईच्या गोणपाटावर फडक्याची घडी करून ठेवली होती. मीटर नव्हता.

"इथला मीटर?" मी विचारलं.

"फोडला की," ती म्हणाली. "सकाळी पैला त्योच घेतला."

आमच्या घरात जपायची वस्तू कापडावर ठेवतात आणि टाकायची जमिनीवर. या वखारीत उलटं आहे. जे फोडायचं ते आदल्या दिवशी गोणपाटावर ठेवतात. जे हात लावायचं नाही ते उघड्या जमिनीवर. मी माझ्या हातानं माझा मीटर फोडायच्या रांगेत पहिला लावला होता, वर फडकं घालून. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की सोमवार चार दिवसांवर आला आहे आणि माझ्याजवळ काही नाही. माझं डोकं फिरलं. माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या माळावर कुणालाच माहीत नव्हतं.

"काल एवढा डोळ्यांनी बघितलात ना, काटा हलताना?" मी ओरडलो. "काय फोडतोय ते तरी बघायचं! अडाणीपणाला काही सीमा? नुसतं मोडायचं माहीत!"

हातोड्या थांबल्या. टेकचंद वखारीतल्या खोपटातून बाहेर येऊन दारातच उभा राहिला.

हौसाबाई उठली नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "व्हय, अडाणी हाय मी. नुस्तं मोडतेच. पर काय कुटं हुतं त्ये मला ठावं हाय. तुमाला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. आयुष्यात मी एकही मीटर उघडलेला नव्हता. पुस्तकातली आकृती मला डोळे मिटून काढता येते, पण तो नाजूक ऐवज उघडायची आमच्याकडे कुणाची छाती नव्हती.

तिनं पितळेची पाटी उपडी केली. सकाळी पहिला फोडलेला, म्हणजे पाटीच्या तळाशी, आणि उपडी केल्यावर सगळ्यांत वर. त्या सांगाड्याकडे तिनं बोट केलं. गुंडाळी जागेवर होती. काटा वाकला होता, आणि एका स्प्रिंगेचा गुंता झाला होता. मी हात पुढे केला तर तिनं माझा हात बाजूला सारला.

"हितं न्हाई व्हायचं. हितं समदीकडं लोकंडाचा कीस हाय, त्यो आत बसला की काटा आडकतो. उद्या बाजाराची सुट्टी हाय. चिखलीला या. ऊन वर आल्यावर."

तिनं आपल्या भाकरीचा पितळी डबा रिकामा केला, पुसला, त्यात सांगाडा, तबकडी आणि आपल्या पदरातलं चुंबक वेगवेगळ्या चिंध्यांत गुंडाळून ठेवलं. भाकरी तिनं हातावरच खाल्ली. दोन शब्द चांगले बोलावेत असं मला फार वाटलं, पण मी पिशवी उचलली. टेकचंदनं मीटर न्यायला हरकत नाही म्हणून सांगितलं आणि मला घरी नेऊन पापड दिला. तो मी गप्प बसून खाल्ला.

शुक्रवार, चिखली

आकुर्डीवरून, निगडी डावीकडे ठेवून, गाडीवाटेनं चिखलीला जायचं. एका बैलगाडीवाल्यानं अर्ध्या वाटेपर्यंत घेतलं. दोन्ही बाजूंना बाजरी काढणीला आलेली, कणसांवर पाखरांची झुंबड, आणि गोफण फिरवणाऱ्यांची हाळी. लांब इंद्रायणीकाठची झाडी दिसत होती. चिखली शेतकऱ्यांचं साधंसुधं गाव आहे, पण गावात शिरताच मला एक अजब गोष्ट दिसली. ज्या गोठ्यात बघावं त्या गोठ्यात गव्हाणीवर काथ्यानं टांगलेलं नालासारखं चुंबक. कुठे एक, कुठे चार. त्यांना खिळे चिकटलेले, तारेचे तुकडे चिकटलेले.

हौसाबाईचं घर गावाच्या टोकाला, पुढे ओटा. तिची सून चुलीपुढे भाकरी थापत होती. मी दम खाल्ला आणि आधी चुंबकांचंच विचारलं.

"त्येचं आसं हाय," हौसाबाई म्हणाली, "लष्कराच्या खोक्यांची फळकुटं स्वस्त मिळत्यात. आमी ती चुलीला लावतो. राख जाती उकिरड्यावर, उकिरड्याचं खत रानात. फळकुटाचे खिळे त्येच्यासंगं. मंग कडब्यात खिळा, आन् जनावराच्या पोटात खिळा. आमचा एक बैल आसाच गेला. कुणाला कळंना का गेला. कातड्यासाठी फाडला तवा काळजाजवळ दोन बोटं खिळा निगाला."

मग एक दिवस वखारीत तिला दिसलं की चुंबकाला सांडलेले खिळे आपोआप येऊन चिकटतात. त्या दिवसापासून चारा गव्हाणीत टाकायच्या आधी त्यावरून चुंबक फिरवायचं, आणि एक कायमचं वर टांगायचं. तिनं बाकीच्या बायकांना शिकवलं, त्यांनी आपापल्या भावकीला. आता गावात एकही जनावर खिळ्यानं जात नाही. हे सांगताना तिच्या बोलण्यात अभिमान वगैरे काही नव्हता, पेरणी कधी केली ते सांगावं तसं तिनं सांगितलं. मी मात्र पोरांच्या खेळण्याची माझी कल्पना मनातल्या मनात गिळून टाकली.

"ह्ये कालचं चुंबक गाभण गायीसाठी धरलं हुतं," ती डबा उघडत म्हणाली. "आसू द्या. तिला फुडल्या खेपंचं."

ओट्यावर ऊन आलं होतं. तिनं धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं. सुनेनं परातीतून कणकेचा घट्ट गोळा आणून दिला, आणि हौसाबाईनं तो चुंबकाच्या टोकांवर दाबून दाबून उचलला. प्रत्येक वेळी कणीक करडी होऊन वर येत होती. डोळ्यांना न दिसणारा लोखंडाचा कीस तिच्यात रुतून येत होता. आमच्या पुस्तकात याच्यावर एक ओळही नाही.

मी माझा चिमटा पुढे केला. विलायती, पोलादी, कॉलेजचा. चुंबकाजवळ नेताच तो हातातून निसटून टपकन चुंबकाला चिकटला. थोडक्यात गुंडाळी वाचली. कुंपणाच्या बाभळीचे दोन लांब काटे हौसाबाईनं मोडून आणले आणि पदराला पुसले.

"ह्येला चुंबक धरत न्हाई. तुमी आरसा धरा. ऊन आत पाडा."

सुनेचा टिकलीचा आरसा घेऊन मी बसलो, आणि उन्हाची तिरीप त्या गुंत्यावर पाडायला लागलो. पुढचा दीड तास मी जो बघितला तो माझ्या सगळ्या प्रवासात बघितलेला सर्वांत चांगला देखावा. ती जाड बोटं बाभळीच्या काट्यानं स्प्रिंगेची एकेक वेढणी सोडवत होती, तिला श्वासही लागणार नाही अशा बेतानं. एक वेढणी सुटली की ती थांबायची, काटा उचलायची, नुसती बघायची. मधूनच तिरीप हलायची, आणि ती म्हणायची, "मास्तर, हलू नगा." सूनही भाकरी सोडून बघायला येऊन बसली होती.

स्प्रिंग मोकळी झाली. वाकलेला काटा तिनं नखावर ठेवून सरळ केला. मग चुंबक बसवायचं. तिनं ते दोनदा धरून बघितलं, उलटं केलं, तिसऱ्यांदा सरकवलं.

"हजार येळा काडलंय," ती म्हणाली. "बसवायचं म्हंजी त्येच उलटं."

मी तांब्याचा आणि जस्ताचा तुकडा काढला आणि तारा जोडल्या. तिनं हातात धरले. काटा उठला, दहापर्यंत गेला आणि अडकला. तिनं मान वाकवून आत बघितलं, माझा आरशाचा हात धरून हवा तसा वळवला, आणि कणकेचा एवढासा कण बाभळीच्या काट्याच्या टोकावर घेऊन आत घातला. बाहेर आला तेव्हा त्यावर लोखंडाचं एक बारीक कुसळ होतं. पुन्हा तुकडे धरले. काटा सरळ वीसच्या पुढे गेला. तिनं तुकडे सोडले, तो परत शून्यावर आला. तिनं पुन्हा धरले, पुन्हा सोडले. मला वाटतं, सातआठ वेळा तरी तिनं तसं केलं.

"आजपातुर नुस्तं मोडलं," ती सुनेकडे बघून म्हणाली. "ह्ये पैलं जोडलं."

तेव्हा तरी मी कालच्या बोलण्याची माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "फार उपकार झाले." ती म्हणाली, "जेवून जावा." बाजरीची भाकरी, हुलग्याचं कढण आणि हिरव्या मिरचीचा ठेचा जेवलो. डोळ्यांतून पाणी आलं ते मी ठेच्यावर ढकललं. मीटर तिनं फुटक्या काचेच्या जागी अभ्रकाचा पातळ पापुद्रा बसवून, फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. निरोप घेताना मी तिला नमस्कार केला, तर ती ओशाळून आत निघून गेली.

सोमवार, आमच्या गावी

रविवारी मी मीटर यंत्रात बसवला. दाब ठाऊक असलेल्या सेलांशी आणि विजेच्या रोधांशी ताडून बघितला. वरच्या टोकाला किंचित कमी दाखवत होता, तेवढा तक्ता करून शेजारी लावला. सोमवारी समिती आली. तिच्यातल्या ज्येष्ठ गृहस्थांनी यंत्र चालवून बघितलं, मग अभ्रकातून आत निरखून बघत राहिले. त्यांना त्यातलं कळत होतं.

"ही स्प्रिंग सोडवलेली दिसते," ते म्हणाले. "पुण्यातसुद्धा असं काम करणारा माझ्या माहितीत नाही. कुणी केलं?"

"चिखलीच्या हौसाबाईंनी," मी म्हणालो. "पिंपरीला वखारीत भंगार फोडतात त्या."

सगळे एकमेकांकडे बघून हसले. प्रिन्सिपॉलसाहेबही हसले, पण डोळ्यांनी मला दटावून. ज्येष्ठ गृहस्थांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "नम्रपणा चांगला," ते म्हणाले, "पण इतकाही नको." जाताना त्यांनी अहवालातलं वाक्य वाचून दाखवलं: डेमॉन्स्ट्रेटरच्या असामान्य हस्तकौशल्यामुळे प्रयोगशाळा सुसज्ज आहे. वाचताना ते माझ्याकडेच बघत होते. तेव्हा मला पुन्हा बोलता आलं असतं. वाक्य संपेपर्यंत वेळ होता. मी खाली बघितलं.

वर्ग मंजूर झाला आणि मला नोकरीत कायम केलं. गावातली पोरं आता गावातच पुढे शिकतील, याचा मला मनापासून आनंद आहे. पण खरं एकदा सांगून झालं, आता आपली जबाबदारी संपली, अशी मी स्वतःची समजूत घालतो तेव्हा ती पटत नाही. हौसाबाईंना अडाणी म्हणालो ते सगळ्या वखारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. त्यांचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा एकदाच घेतलं, आणि लोक हसल्यावर सोडून दिलं. म्हणून इथे, निदान जे वाचतील त्यांच्यापुरतं, लिहून ठेवतो: तो मीटर हौसाबाईंनी जोडला. मी आरसा धरला होता.